जोॲना मधे कुठे होती?

रविवार, रात्री उशिरा

आज दुपारी परत एकदा क्रेमर व्हर्सेस क्रेमर लावला, सासूबाईही येऊन बसल्या. १९७९ चा पिक्चर, डस्टिन हॉफमन म्हणजे न्यूयॉर्कच्या जाहिरात कंपनीत रात्रंदिवस राबणारा टेड, आणि मेरिल स्ट्रीप त्याची बायको जोॲना. ऑफिसात मोठं काम मिळाल्याच्या खुशीत हा घरी येतो तर ती बॅग भरून तयार. आई लगेच, "अगं पण पोराला टाकून जाते कशी?" म्हटलं आई, बघा तर पुढे.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेड फ्रेंच टोस्ट करायला घेतो, अंडं फोडतो मगमध्ये, ब्रेड त्यात मावत नाही म्हणून दुमडून कोंबतो, आणि वर तोंडाने सारखी बडबड की बघ आपण किती मजा करतोय, शेवटी तवा हाताला चटकतो आणि सगळं खाली. आई खूप हसल्या. मग शाळेत सोडताना तो मुलाला, बिलीलाच विचारतो, तू कितवीत आहेस रे? पहिलीत! तिथे मात्र त्या हसल्या नाहीत.

आता मला खुपतं ते हे, की टेडचं शिकणं आपल्याला एकेक सकाळ करून दाखवलंय, डबा, शाळा, पोरगा पडल्यावर त्याला उचलून रस्त्यातून दवाखान्यापर्यंत धावणं, नोकरी जाणं, आणि जोॲना कॅलिफोर्नियात काय करत होती, कशी सावरली, हे दोन-चार वाक्यांत उरकलंय. रोज हेच सगळं करणारी ती, पण तिच्या वाटची एकही सकाळ नाही. हॉफमन आणि स्ट्रीप दोघांनाही ऑस्कर मिळालं, एकूण पाच, पण टेडचं कौतुक फुकटात होतं असं मला दरवेळी वाटतं.

बरं, पुढे परत येऊन ती मुलाचा ताबा मागते, तेव्हा कोर्टात जोॲना जे बोलते ते स्ट्रीपनेच बसून नव्याने लिहिलं होतं, दिग्दर्शक रॉबर्ट बेंटनने तिला लिहायला दिलं. पटतं ते, कारण पूर्ण पिक्चरमध्ये जोॲनाचं म्हणणं नीट ऐकू येतं ते तिथेच. तोवर ती कमवायलाही लागलेली असते, टेडपेक्षा जास्तच. आणि टेडचा वकील तिला विचारतो की आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या नात्यात तू अपयशी ठरलीस ना, ती टेडकडे बघते आणि टेड नुसती मान हलवतो, नाही म्हणून. एवढंच. तिच्याच विरुद्ध केस लढतोय हा माणूस! मी तिथे रिवाइंड केलं, आईंनी काही न बोलता परत बघितलं.

मुलाचा ताबा तिलाच मिळतो, लहान मूल आईकडेच हे तेव्हा तिकडेही धरून चालायचे. पण न्यायला येते आणि बिलीला नेतच नाही. आई म्हणाल्या, "मग एकत्र राहायचं ना परत, झालं गेलं विसरून." आपल्याकडे अकेले हम अकेले तुम मध्ये, १९९५ साली, तेच केलंय की, आमिर आणि मनीषाला शेवटी जोडून टाकलं. मला नाही पटत. परत येऊन ती पुन्हा त्याच किचनमध्ये उभी राहिली असती आणि टेडने त्याचं ऑफिस धरलं असतं, असं मी बोलून गेले. आई म्हणाल्या, "तुझे सासरे असते तर त्यांना अंडं कुठे ठेवलंय तेही सापडलं नसतं."