नेब्रास्कात कोच येत नाहीत, मुलाला घेऊन जावं लागतं

ज्या युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीममध्ये मुलाला जागा मिळावी म्हणून आम्ही धडपडलो, तिचं नाव लिहिणार नाही, पण तिची खेळाडूंसाठीची प्रश्नावली मला अजून पाठ आहे. उंची, वजन, चाळीस यार्ड पळायला लागणारा वेळ, बेंच प्रेस, जीपीए (म्हणजे मार्कांची सरासरी), आईवडिलांचे फोन नंबर, शाळेतल्या कोचचा ईमेल. दीड वर्षात आम्ही ती तीनदा भरली. प्रत्येक वेळी दोन मिनिटांत उत्तर यायचं, मुलाचं नाव घालून: तुझ्यावर आमचं लक्ष आहे. मी ते वाचून देवापुढे साखर ठेवली होती. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

नवऱ्याच्या नोकरीमुळे २०२१ च्या ऑगस्टमध्ये आम्ही टेक्ससमध्ये डॅलसजवळच्या फ्रिस्कोहून नेब्रास्कातल्या ओमाहाला आलो. मुलगा तेव्हा दहावीत होता. फुटबॉल म्हणजे इथला, हातात चेंडू घेऊन पळायचा. तो ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये खेळतो. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे भिंत होऊन उभ्या राहणाऱ्या पाचजणांपैकी एक. फ्रिस्कोच्या शाळेत नववीच्याच दोन टीम होत्या आणि हा दुसऱ्या टीममध्ये होता. २०२० च्या जनगणनेत टेक्ससची लोकसंख्या २ कोटी ९१ लाख भरली, नेब्रास्काची १९ लाख ६१ हजार. आम्ही दोघांनी डोकं लावलं: गर्दी कमी, पोरगा उठून दिसेल.

तो उठून दिसलाही. अकरावीत सुरुवातीच्या पाचांत आला, उंची सहा फूट तीन इंच, वजन २६० पौंड. फक्त बघायला कुणी आलं नाही.

डिव्हिजन वनच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या, कॉलेजांचे कोच अकरावीच्या वर्षी १ सप्टेंबरपासून मुलाला स्वतःहून ईमेल आणि मेसेज पाठवू शकत, हा कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेचा तेव्हाचा नियम. २०२२ मध्ये तो दिवस गुरुवारी आला. आदल्या रात्री फ्रिस्कोतले त्याचे मित्र बारा वाजायची वाट बघत जागे होते आणि सकाळपर्यंत त्यांनी एकमेकांना स्क्रीनशॉट पाठवले. आमच्याकडे काहीच नाही. सप्टेंबर गेला, सीझन संपला, थँक्सगिव्हिंग झालं. जेवताना तो फोन ताटाशेजारी उलटा ठेवायचा, म्हणजे उजळला तरी आम्हाला दिसू नये. वरणभात कालवता कालवता डाव्या हाताने हळूच एक कडा उचलून बघायचा आणि परत ठेवायचा. मी काही बोलत नसे. एकदा म्हटलं, "अरे, येईल." तो म्हणाला, "आई, प्लीज."

जानेवारीत त्या युनिव्हर्सिटीचं जूनमधल्या कॅम्पचं निमंत्रण आलं. खाली एका कोचची सही. आमच्या दृष्टीने हेच बोलावणं. सात तास गाडी चालवून, मोटेलात राहून आम्ही पोचलो. मैदानावर चारेकशे मुलं, प्रत्येकाच्या छातीवर नंबराचा स्टिकर. सही केलेले कोच कुठे भेटतील म्हणून टेबलावर विचारलं, तर तिथल्या मुलीने यादीत मुलाचं नाव शोधलं, फी भरल्याची खूण दाखवली आणि पाण्याची बाटली दिली. सावलीत माझ्या शेजारी साउथ डकोटाहून आलेली एक आई बसली होती. बोलता बोलता दोघींनी फोन काढले. पत्र एकच, ओळ न ओळ तीच. फक्त मुलाचं नाव वेगळं. तिचा मुलगा किकर होता, म्हणजे फक्त लाथ मारून चेंडू उडवणारा, आणि त्यालाही 'तुझी ताकद आम्हाला आवडली' असंच लिहिलेलं. ती काहीच बोलली नाही, फोन पर्समध्ये टाकून मैदानाकडे बघत राहिली. त्या दिवशी आमच्या मुलाच्या वाट्याला एकूण चार रेप आल्या, म्हणजे चार वेळा समोरासमोर झुंज. कॅम्प हे त्यांचं उत्पन्न असतं. प्रश्नावली भरणाऱ्या प्रत्येकाला निमंत्रण जातं. हे कुणीतरी आम्हाला आधी सांगायला हवं होतं.

परत आल्यावर शाळेच्या हेड कोचनी समोर बसवून गणित मांडलं. प्रत्येक असिस्टंट कोचला एक भाग वाटून दिलेला असतो आणि वसंतात बाहेर पडायला मोजके आठवडे. डॅलसच्या आसपास तो एका दिवसात पाच-सहा शाळा करतो आणि एकेका शाळेत कामाची तीन-चार पोरं भेटतात. इथे ओमाहाहून राज्याच्या पश्चिम टोकाच्या स्कॉट्सब्लफला जायचं तर साडेचारशे मैल. दिवस जातो आणि हाती कदाचित एक नाव लागतं. नेब्रास्काची निम्म्याहून जास्त वस्ती ओमाहा-लिंकनच्या तीन काउंट्यांत आहे. बाकीच्या राज्यात कितीतरी शाळांना अकरा मुलंही जमत नाहीत म्हणून त्या आठ किंवा सहा जणांचा फुटबॉल खेळतात. तिथला मुलगा कितीही चांगला असला तरी त्याचा व्हिडिओ बघून कॉलेजच्या कोचला नीट अंदाज येत नाही. कोचनी मान हलवत सांगितलं, "They don't come here, mom" अशा अर्थाचं, आणि पुढे: तुम्हीच त्याला त्यांच्या डोळ्यांसमोर न्या.

मग सगळं माणसांच्या संख्येवरच असतं का? तर नाही, आणि हे मला कोल्हापूरची असल्यामुळे लगेच पटलं. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्हा ३८ लाख ७६ हजारांचा, मुंबई सव्वा कोटीच्या घरात. पण मल्ल कुठे घडतात हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. तालीम, खुराक, वस्ताद आणि मैदानाला लोटणारं गाव हे सगळं लागतं. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, कोल्हापुरात घडले आणि १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. इथेही तसंच. न्यूयॉर्क राज्य २ कोटींचं, पण फुटबॉलच्या कोचांची रांग तिथे लागत नाही. मिसिसिपी जेमतेम ३० लाखांचं, आणि वॉल्टर पेटन, जेरी राइस, ब्रेट फार्व्ह हे फुटबॉलचे तिन्ही दिग्गज तिथले. टेक्ससला माणसंही आहेत आणि तालीमही आहे. सातवीपासून शाळेची टीम, मोठ्या शाळांत वसंतातसुद्धा सराव, आणि ॲलनसारख्या गावात २०१२ साली ६ कोटी डॉलर खर्चून बांधलेलं शाळेचं स्टेडियम, १८ हजार लोकांचं.

नेब्रास्कात वेड आहे, उणीव संख्येची. लिंकनला नेब्रास्का युनिव्हर्सिटीची टीम खेळते त्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटं १९६२ पासून प्रत्येक सामन्याला संपतात आणि त्या दिवशी तिथे राज्यातल्या तिसऱ्या नंबरच्या शहरापेक्षा, बेलव्ह्यूपेक्षा, जास्त माणसं असतात. पण सगळ्यात वरच्या गटात खेळणारी राज्यात ही एकच टीम. टेक्ससमध्ये डझनभराहून जास्त. इथली सगळी पोरं त्या एका दाराशी उभी, आणि टीम भरायला कोच टेक्सस, फ्लोरिडा, कॅलिफोर्नियाला जातात. ओमाहाच्या युनिव्हर्सिटीने तर २०११ मध्ये फुटबॉल बंदच केला. राज्यातल्या सगळ्यात मोठ्या शहरात आज मोठ्या कॉलेजची टीम नाही.

हे कळल्यावर आम्ही वागणं बदललं. त्याच जूनमध्ये एक असा कॅम्प निवडला जिथे यजमान एक असतो, पण शिकवायला वीस-पंचवीस छोट्या कॉलेजांचे कोच येतात. जायच्या आधी त्यातल्या प्रत्येक लाइन कोचला मुलाने स्वतः ईमेल केला. मी नाही. पालकांचा ईमेल आला की ते बाजूला ठेवतात, हे पक्कं लक्षात ठेवा. विषयाच्या ओळीत पदवीचं वर्ष, खेळायची जागा, उंची-वजन, शाळा. आत तीन वाक्यं आणि हडलची, म्हणजे खेळाचे व्हिडिओ ठेवायच्या साइटची, लिंक. (हडल कंपनी लिंकनचीच, २००६ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी काढलेली. इथल्या पोरांना त्याचा फार अभिमान.) व्हिडिओत सगळ्यात चांगले वीस प्ले आधी घाला. आमचा पहिला व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता आणि त्याची उत्तम झुंज आठव्या मिनिटाला.

त्या कॅम्पला डिव्हिजन टू, म्हणजे एक पायरी खालच्या गटातल्या, एका कोचनी सकाळच्याच सत्रात त्याला बाजूला घेतलं. खिशातून टेप काढून त्याच्या हाताची लांबी मोजली, पंजा ताणून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मोजला, क्लिपबोर्डवर लिहिलं आणि त्याला परत रांगेत पाठवलं. एकदा, दोनदा, पाचदा. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कागदाच्या कोपऱ्यावर स्वतःचा मोबाइल नंबर लिहून दिला. दीड वर्षात माणसाच्या हातचं आलेलं ते पहिलं अक्षर. मी गाडीत जाऊन रडले.

पुढचं सरळ झालं. ऑक्टोबरमध्ये कॉलेज बघून आलो, डिसेंबरात ऑफर आली, ७ फेब्रुवारी २०२४ ला सही. फी पूर्ण माफ नाही. डिव्हिजन टू मध्ये सगळ्या टीमला मिळून ३६ स्कॉलरशिप असतात आणि त्या वाटून देतात, त्यामुळे अभ्यासाची स्कॉलरशिप वेगळी मागा, तिथे मार्क कामी येतात. डिव्हिजन थ्री मध्ये खेळासाठी पैसे मिळतच नाहीत. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, आलं, तेव्हापासून मोठ्या टीम तयार खेळाडू उचलतात, म्हणून शाळेतल्या मुलाने खालच्या डिव्हिजनकडे नाक मुरडू नये.

एक महत्त्वाचं सांगायचं राहिलं, आणि ते राज्य बदललेल्यांसाठी आहे. मुलगा खेळायला पात्र आहे का हे तपासणाऱ्या एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरला नववीपासूनच्या प्रत्येक शाळेची मार्कशीट लागते आणि ती शाळेनेच पाठवायची असते, आपण नाही. डिव्हिजन वनसाठी १६ कोअर, म्हणजे ठरलेल्या मुख्य, विषयांपैकी १० बारावी सुरू व्हायच्या आत झालेले हवेत. आमचं टेक्ससचं एक वर्ष आम्ही विसरलोच होतो. अकरावीतच मागवून ठेवा.

मागच्या गणपतीत लिंकनहून आलेल्या एका मैत्रिणीने विचारलं, आम्ही टेक्ससला जावं का? तिचा मुलगा नववीत आहे, खांद्याने माझ्या लेकाएवढाच. म्हटलं, तिथे गेलीस तर कोच दारात येतील, पण त्याच दारात आणखी तीसजण उभे असतील. इथे राहिलीस तर पेट्रोल जाळावं लागेल. ती राहतेय. येत्या जूनमध्ये दोघी मिळून त्याला कॅम्पला नेणार आहोत. तिला प्रश्नावलीचे ईमेल सुरू झालेत, तिने ते सगळे मला पाठवले आणि मी एकेकाखाली लिहून दिलं: याला उत्तर नको.