डावा ज्ञानोबा, उजवा तुकाराम

दिवे घाटाच्या चढाला माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. यंदा त्यांच्या घुंगरमाळा वाजल्या आणि अण्णांचं वाक्य कानात आलंच, "तुझे दोनच पाय दुखतात ना? त्यांचे चार दुखतात."

दहा वर्षांची असताना याच घाटात मी रडत बसले होते. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांब टप्पा, ३० किलोमीटरच्या वर. अण्णांनी समजूत घातली नाही की कडेवर घेतलं नाही. पुढून जाणाऱ्या बैलांना हात जोडून विचारलं, "काय पाटील, किती दुखतात?" आणि स्वतःच घोगऱ्या आवाजात उत्तर दिलं, "चारही. पण वर चहा आहे म्हणे." हसू आलं नि मी उठले.

यंदा मी त्यांच्याशिवाय चालले.

वाल्हं जवळ आलं की ते म्हणत, "खिसा सांभाळ, वाल्या कोळ्याचं गाव आलं." मग जपून ठेवायला म्हणून माझ्या लिमलेटच्या गोळ्या मागून घ्यायचे. त्या परत कधी मिळाल्या नाहीत. वारीत असली थट्टा कशाला, असं काहीजण म्हणायचे. त्यांनी वेळापूरच्या अलीकडे होणारं मानाचं भारूड एकदा बघावं. संत एकनाथांनी भारुडांतून हसवत हसवतच लोकांना देवापाशी नेलं. अण्णांची भक्ती त्याच घराण्यातली, असं मी मनापासून मानते.

संध्याकाळच्या समाज आरतीला मात्र माझी परीक्षा असायची. चोपदारांचा दंड वर गेला की टाळ, मृदंग सगळं क्षणात थांबतं. एवढा समुदाय, पण चिडीचूप. मग दिंड्यांच्या हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात. त्या शांततेत अण्णा माझ्या कानाशी वाकून म्हणायचे, "माझी झोप हरवलीय. निळ्या काठाची. कुणाच्या डोळ्यांत दिसली तर आणून द्या." मी पदरात तोंड खुपसायचे, आईच्या. यंदा पहिल्याच आरतीला मान आपोआप त्या बाजूला वळली. शेजारी एक अनोळखी माउली डोळे मिटून उभी होती.

चांदोबाचा लिंब इथलं उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून अश्वांची दौड, झालं आणि तरडगावला पोचेपर्यंत उजव्या टाचेला फोड आला. फोडाबद्दलही अण्णांचं शास्त्र होतं: डावा पाय ज्ञानोबा म्हणतो, उजवा तुकाराम. चाल चुकली की दोघं भांडतात, आणि रुसेल त्याला फोड येतो. सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढायचे, दोऱ्याची टोकं बाहेर ठेवायचे, म्हणजे पाणी झिरपून जातं. हात मोठे आणि राठ, पण सुई टोचल्याचं कळायचंही नाही. तेवढ्यात पायाशी बोलणं चाललेलं असायचं, "तुकोबा, पोरीला माफ करा."

तंबूत कंदिलाजवळ मी सुई शोधत होते. पलीकडे एक आजी नातवाचा पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोरगं कण्हत होतं.

"कोण रुसलंय रं?" आजींनी विचारलं. "ज्ञानोबा का तुकाराम?"

मी चमकून विचारलं, "आजी, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी म्हंजे? आपल्या दिंडीत समदी असंच म्हणत्यात की." त्यांनी दोरा दातानं तोडला आणि सुई माझ्याकडे केली. "तुजं कोण रुसलंय?"

"तुकाराम," मी म्हटलं आणि पाय पुढे केला.