बोळ, विहिरी आणि नकाशा: शहापूर ते येळ्ळूर पायी

बेळगावात चालत चालत ओपनस्ट्रीटमॅपमध्ये, म्हणजे कुणालाही भर घालता येणाऱ्या जगाच्या मोफत नकाशात, भर घालायची असेल, तर खडेबाजार आणि गणपत गल्ली खुशाल सोडून द्या. संध्याकाळी तिथं फोन बघत उभं राहिलात तर धक्केच खाल. त्यापेक्षा शहापुरातून वडगावमार्गे येळ्ळूरला निघा. नकाशात भरण्याजोगं या वाटेवर जितकं मिळालं, तितकं मला शहरात दुसरीकडे मिळालं नाही.

मोठे रस्ते काय, कुणीही घरबसल्या उपग्रहाच्या चित्रावरून काढतो. पण शहापूर-वडगावात घरं एकमेकांना इतकी चिकटलेली, की वरून बघितलं तर सगळं एकच छप्पर. बोळ दुसऱ्या तोंडाला उघडतो की कुणाच्या परसात संपतो, त्यातून दुचाकी जाते का, मध्ये पायऱ्या आहेत का, हे चालणाऱ्यालाच कळणार. अशा बोळात जीपीएसवर मात्र विसंबू नका. दोन्हीकडच्या भिंतींमुळे ठिपका पलीकडच्या गल्लीत उडी मारतो. चित्रातला घराचा कोपरा किंवा देवळाचं शिखर धरून जागा ठरवा.

नवख्यांनी अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट हे नोंदी करायचं ॲप घ्यावं. रस्ता डांबरी की फरशीचा, इमारत किती मजली, असे प्रश्न ते विचारतं. तुम्ही बघून उत्तर द्यायचं. दुकानं, नळ, बाकडी नव्यानं टाकायची तर एव्हरी डोअर हे ॲप बरं, ते आयफोनवरही चालतं. निघण्याआधी घरीच तेवढ्या भागाचा नकाशा उतरवून ठेवा. गूगल मॅप्सवरून नाव किंवा जागा उचलायची नाही. ओपनस्ट्रीटमॅपच्या परवान्यात ते बसत नाही. दुकानाची पाटी वाचून लिहिलेलं चालतं.

वडगावात यंत्रमागांची खडखड ऐकत एका विहिरीपाशी थांबलो होतो. कठड्याला दोरीनं पडलेल्या खाचा, वर लोखंडी जाळी. दारातल्या मावशींनी विचारलंच, "काय मोजालाय ओ? रस्ता रुंद करणार काय?" ही धास्ती इथं खरी आहे, म्हणून आधी स्क्रीन दाखवावी आणि मगच पुढचं बोलावं. नकाशा बघितल्यावर त्यांनीच मागच्या बोळातली दुसरी विहीर सांगितली. ती मला एरवी दिसलीच नसती. घरमालकांची नावं मात्र, कुणी आपणहून सांगितली तरी, नकाशात घालायची नाहीत.

नावांवरून वाद नको. मराठीला आणि कन्नडला वेगवेगळे रकाने आहेत. दोन्ही भरा, दुसऱ्यानं भरलेलं पुसू नका. सीमाभागात भांडायला इतर जागा पुष्कळ आहेत.

मंगाई देवीच्या देवळापुढं वस्ती विरळ होत जाते आणि भातशेती लागते. इथं शेतरस्ते, मोऱ्या, बळ्ळारी नाला ओलांडायच्या जागा नीट नोंदवा. पावसाळ्यात नाला शेतात पसरला की कुठला रस्ता बंद होतो, हे शेतकऱ्याला विचारून घ्यावं. चालायला दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. सकाळी लवकर निघा, पुढं सावली कमी. येळ्ळुरात चहा घेऊन राजहंसगडावर जाता येतं. वर जाणारा गाडीरस्ता सगळ्यांना ठाऊक असतो, तुम्ही पायवाटा टिपा.

कॅम्प भागात, म्हणजे लष्कराच्या हद्दीत, फोटो काढत फिरू नका.

हातात आणखी एक दिवस असेल तर खानापूर गाठा आणि तिथून हलशीला जा. कदंबकालीन भूवराह नरसिंहाच्या देवळासाठी लोक येतात आणि तेवढं बघून परततात, म्हणून गावातल्या गल्ल्या चालून बघण्यासारख्या. जांबोटी-कणकुंबीकडे फोनला रेंज जाते-येते. नोंदी फोनातच साठवा आणि बेळगावात परतल्यावर चढवा. भीमगड अभयारण्यातल्या वाटांच्या नादाला वनखात्याच्या परवानगीशिवाय लागू नका.