पंचनाम्यानंतर मेलेले माड

निसर्ग चक्रीवादळात ३ जून २०२० च्या दुपारी आमच्या वाडीतले, म्हणजे बागेतले, जे माड आडवे झाले, त्यांची सरकारी कागदावर नोंद आहे. त्यानंतर दिवाळीपर्यंत आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जे उभ्याउभ्या मेले, त्यांची नोंद कुठेच नाही. आमच्या पट्ट्यात हे दुसऱ्या प्रकारचे माड आणि पोफळी (सुपारीची झाडं) थोड्याथोडक्या नव्हत्या. किनाऱ्यावरच्या बागायतीचा पंचनामा कसा होतो आणि तो कसा व्हायला हवा, याबद्दल मला बरीच वर्षं लिहायचं होतं.

मी श्रीवर्धन तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, त्यामुळे गाव मला अजून 'बाई'च म्हणतं. त्या जूनमध्ये तलाठी मॅडम, ग्रामसेवक भाऊसाहेब आणि कृषी सहाय्यक गावात आले तेव्हा पंच म्हणून मी त्यांच्याबरोबर घरोघर आणि वाडीवाडीत फिरले. बऱ्याच पंचनाम्यांवर माझी सही आहे.

ज्यांनी पंचनामा जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. घराचं नुकसान तलाठी आणि ग्रामसेवक बघतात. शेती-बागायतीला त्यांच्याबरोबर कृषी सहाय्यक असतो. होड्या आणि जाळी मत्स्यव्यवसाय खात्याकडे, विजेचे खांब महावितरणकडे, शाळेचं छप्पर जिल्हा परिषदेकडे. कागदावर मालकाचं नाव, गट नंबर किंवा घर नंबर, काय होतं, काय गेलं, किती टक्के गेलं, अंदाजे किंमत आणि खाली पंचांच्या सह्या. हे कागद मंडळ अधिकाऱ्यांकडून तहसीलला जातात, तिथे त्यांची यादी होते, मग प्रांताधिकारी, जिल्हाधिकारी, बेलापूरच्या कोकण भवनातले विभागीय आयुक्त आणि शेवटी मंत्रालयातला मदत व पुनर्वसन विभाग. पैसे राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येतात. त्यात ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा. कशाला किती द्यायचे याचे दर केंद्राने ठरवलेले असतात. राज्याला वाटलं तर ते आपल्या तिजोरीतून वाढवून देतं.

पण पंचनाम्यांच्याही आधी वरून फोन सुरू होतात. "प्राथमिक अंदाज द्या." किती घरं, किती झाडं, किती हेक्टर? हा पहिला आकडा वर्तमानपत्रात जातो आणि मंत्र्यांचे दौरे कुठे वळणार तेही त्यावरच ठरतं. आमच्याकडे मात्र त्या दिवशी वीज गेली ती आठवडे उलटले तरी नव्हती, मोबाईलचे मनोरे बंद, रस्त्यावर झाडांचा खच. ज्या गावाचं सगळ्यात जास्त गेलं, त्या गावातून पहिल्या दिवशी आकडाच जात नाही. जिथे फोन लागतो तिथलं नुकसान कागदावर आधी चढतं. यात कुणाचा खोटेपणा नाही, वादळाने तारच तोडलेली असते. म्हणून पहिल्या दोन दिवसांत गावाचा आकडा 'निरंक' दिसला तर तहसीलने त्याचा अर्थ 'नुकसान नाही' असा न धरता 'माणूस पाठवा' असा धरावा, असं मला फार वाटतं.

आता वाडीकडे येते.

शेजारच्या काकींची वाडी बारा गुंठ्यांची. रायगडातल्या किनाऱ्यावर बहुतेकांच्या वाड्या अशाच, गुंठ्यांतल्या. वर माडांचे शेंडे, त्यांच्या सावलीत पोफळी, पोफळींवर चढवलेले मिरवेल (काळ्या मिरीचे वेल), मधे कुठे जायफळ, पाटाच्या कडेने केळी. एकाच जमिनीत तीन मजल्यांचं उत्पन्न. आणि सातबारावर काय? क्षेत्र हेक्टर-आरमध्ये आणि पिकाच्या रकान्यात एक शब्द, नारळ. पोफळ असली तर आमचं नशीब. जायफळाचं नाव मी फारच थोड्या उताऱ्यांवर पाहिलं.

केंद्राच्या त्या वेळच्या दराने बहुवार्षिक पिकांना हेक्टरी १८,००० रुपये मिळायचे. निसर्गनंतर राज्याने ते ५०,००० केले, दोन हेक्टरच्या मर्यादेत. ऐकायला चांगलं वाटतं. पण हेक्टरी ५०,००० म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. काकींच्या बारा गुंठ्यांना ६,०००. तेवढ्यात पडलेले माड कापून वाडीबाहेर काढायची मजुरीसुद्धा सुटत नव्हती. खूप ओरड झाल्यावर झाडामागे मदतीचा दर आला, नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये. क्षेत्रापेक्षा झाड मोजायचं हे तत्त्व अगदी बरोबर, त्यासाठी मी त्या निर्णयाचं मनापासून स्वागत केलं. मात्र चांगला माड वर्षाला ऐंशी-शंभर नारळ देतो आणि २५० रुपये ही तेव्हा डझन-दीड डझन नारळांची किंमत होती. नवं रोप लावून पहिला नारळ हातात यायला सहा-सात वर्षं, पोफळीलाही साधारण तेवढीच. हा हिशेब दर ठरवणाऱ्यांसमोर कुणी मांडला होता की नाही, मला कळायला मार्ग नाही.

तरी दर हा वरचा विषय. मला सांगायचंय ते मोजणीबद्दल.

काकींच्या वाडीत आम्ही शिरलो तेव्हा आधी वाट करावी लागली. पाटाच्या वरच्या अंगाला एक जुना माड मुळासकट उपटून आडवा झाला होता आणि त्याच्याखाली पोफळींची अख्खी ओळ. कृषी सहाय्यक तरुण मुलगा, घाटावरचा, नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. तो बुंधे मोजत होता, मी वहीत लिहून घेत होते. विहिरीजवळ एक माड उभा होता. झावळ्या एका अंगाला पिळवटलेल्या, मधला शेंडा कलंडलेला.

"हा?" मी विचारलं.

"उभा आहे ना बाई."

काकी मागून म्हणाल्या, "अरे बाळा, त्याचं मधलं पान बघ. कोंब दुखावलाय. हा काय दसरा बघत नाही."

तो थोडा वेळ वर बघत राहिला. मग म्हणाला, "काकी, तुमचं बरोबर असेल. पण मला पडलेलं किंवा मोडलेलं एवढंच लिहिता येतं. आज उभं असलेलं झाड मी मेलं म्हणून कसं लिहू?"

त्याचा प्रश्न खरा होता आणि त्या कागदात त्याला उत्तर नव्हतं.

माड आणि पोफळ ही आंब्यासारखी झाडं नव्हेत. कलमाची अर्धी फांदी मोडली तरी दुसरीकडून धुमारे येतात. माडाला एकच कोंब. तो मोडला, पिळवटला की पुन्हा फुटायला दुसरा डोळाच नसतो. मात्र बुंध्यात आणि खालच्या झावळ्यांत ओल असते, त्यामुळे झाड काही महिने हिरवं दिसतं. पंचनाम्याचे दिवस नेमके त्या काळात येतात.

पुढचं नुकसान तर आणखी सावकाश होतं. माड पडले की पोफळींवरची सावली जाते. सावलीत वाढलेल्या पोफळीच्या खोडावर पश्चिमेचं ऊन थेट पडायला लागलं की साल भाजते, चिरा पडतात आणि एक-दोन उन्हाळ्यांनंतर खोड मोडतं. कापून ढीग केलेले ओंडके पावसात कुजतात, त्यात गेंड्या भुंग्याची अंडी-अळ्या वाढतात आणि तो भुंगा वाचलेल्या माडांचे शेंडे पोखरतो. जखमी झाडाच्या वासाने सोंड्या भुंगा येतो आणि आतून खोड पोकळ करतो. म्हणजे वादळ एका दुपारचं, आणि त्याने वाडीला लावलेली कीड दोन-तीन वर्षांची. काकींचा विहिरीजवळचा माड नवरात्राच्या आधीच शेंडा टाकून मोकळा झाला. त्या वाडीत नंतर गेलेली झाडं मी वहीत लिहीत गेले, पण ती वही कुणाच्याच कामाची नव्हती, कारण यादी केव्हाच बंद झाली होती.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं. तेव्हा निसर्गने अर्धवट मारलेली झाडं पडली. ती तौक्तेच्या खात्यात गेली.

घरांचं वेगळं दुखणं. घर किमान १५ टक्के पडलं असेल तर मदत, आणि त्या वर्षी पूर्ण पडलेल्याला दीड लाख, अंशतः पडलेल्याला १५,०००. मधे काही नाही. दोन रांगा कौलं उडालेलं घर आणि पूर्ण छप्पर वाशांसकट उडून नुसत्या भिंती राहिलेलं घर, दोन्ही 'अंशतः'. भिंती उभ्या आहेत ना! २०२१ च्या जुलैत महाड-चिपळूणला पूर आला, त्यानंतर सरकारने १५, २५ आणि ५० टक्के असे टप्पे करून १५,०००, २५,००० आणि ५०,००० असे दर दिले. हे एक पाऊल पुढे पडलं असं मी मानते. पण टक्के ठरवायचे कसे, यावर गावागावात अजून वाद होतात. माझं मत असं की घर बाहेरून बघून टक्के काढू नयेत. आढं सरकलंय का, वासे सुटलेत का, मातीची भिंत आतून भिजून फुगलीय का, हे माजघरात उभं राहून वर बघितल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे बरीच घरं बंद होती. मालक डोंबिवलीला, बोरिवलीला, टाळेबंदीत पास मिळत नव्हते. कुलूप असलेल्या घराचा पंचनामा अंगणातून झाला. आत पाऊस किती शिरला ते कुणी पाहिलंच नाही.

सातबाराचं तर विचारूच नका. काकींच्या उताऱ्यावर सासऱ्यांचं, त्यांच्या दोन भावांचं आणि आत्यांचं नाव. त्यातले निम्मे हयात नाहीत, वारसनोंद झालेली नाही. पैसे कुणाच्या खात्यात जमा करायचे? संमतीपत्रं मागितली गेली. वाडीत पन्नास वर्षं शिंपणं काढणारी बाई काकी आणि मदत अडली पुण्यातल्या पुतण्याच्या सहीवर. वादळ येण्याआधी ज्यांच्या वारसनोंदी झालेल्या होत्या त्यांच्या खात्यात पैसे लवकर आले. इतका सरळ फरक मी डोळ्यांनी पाहिलाय.

या सगळ्यावरून माझी एक मागणी आहे आणि ती मी ग्रामसभेतही मांडली आहे. माड-पोफळीच्या वाड्यांचा पंचनामा दोनदा व्हावा. पहिला आत्तासारखा, लगेच. दुसरा पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात. पहिल्या पंचनाम्यात 'पडलेली' आणि 'मोडलेली' यांच्या शेजारी 'शेंडा दुखावलेली, निरीक्षणाखाली' असा तिसरा रकाना असावा आणि त्या झाडांच्या बुंध्यावर रंगाने नंबर टाकावेत. दुसऱ्या फेरीत तेवढेच नंबर बघायचे. गावभर पुन्हा फिरायची गरज नाही. तरण्या कृषी सहाय्यकाने विचारलेल्या प्रश्नाला हे साधं उत्तर आहे. श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे. दुखावलेला कोंब ओळखायचा कसा, हे तलाठी आणि कृषी सहाय्यकांना एका सकाळच्या प्रशिक्षणात शिकवता येईल. काकींसारख्या बायकांना सोबत घेतलं तर अर्ध्या सकाळीत.

सरकार ऐकेपर्यंत आपल्या हातात जे आहे ते आमच्या वाडीवस्तीवर आम्ही सुरू केलंय. दर वर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, प्रत्येक वाडीतली झाडं मोजून एका नोंदवहीत लिहायची. माड किती, पोफळी किती, फळती किती, रोपं किती, जायफळ आणि मिरवेल वेगळे. वर ग्रामपंचायतीचा शिक्का. २०२१ पासून मोबाईलवर ई-पीक पाहणी आली आहे, त्यात आपलं पीक आपणच भरायचं असतं, बांधावरची झाडंही नोंदवता येतात. ज्यांना ते जमत नाही त्यांचं शाळेतली मुलं भरून देतात. घराचे चारही बाजूंनी आणि आतून छपराचे फोटो काढून मुंबईतल्या नातेवाइकांच्या फोनवर पाठवून ठेवायचे, कारण वादळानंतर आपल्या फोनला चार्जिंग नसतं.

आणि पडलेलं झाड कापायच्या आधी त्याचा बुंधा मोजून घ्या. रस्ता मोकळा करायच्या घाईत आमच्याकडे कितीतरी माड कटरने कापून बाजूला टाकले गेले आणि पंचनाम्याला दाखवायला काही उरलं नाही. पंचनाम्यावर सही करताना आकडे अक्षरातही लिहिलेत का ते बघा, कोरी जागा असेल तर रेघ मारायला सांगा, प्रत मागा किंवा निदान त्याचा फोटो घ्या. पुढे यादीत नाव नाही आलं किंवा झाडं कमी धरली गेली तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्यायचा, सोबत तो फोटो आणि नोंदवहीतल्या पानाची प्रत जोडायची आणि पोच घ्यायची. तोंडी सांगून आमच्या गावात एकाचंही काम झालेलं मला आठवत नाही, अर्ज देऊन मात्र काहींची नावं पुरवणी यादीत आली.

आमच्या नोंदवहीचे रकाने कसे आखलेत ते कुणाला आपल्या गावासाठी हवे असतील तर सांगा. मी कोरं पान पाठवीन, त्यात 'शेंडा दुखावलेली' हा रकाना आम्ही आधीच घालून ठेवलाय.