नानांची नागीण आणि लेकीच्या कांजिण्या

सोमवारी सकाळी लेकीची वेणी घालताना मानेवर दोन लाल पुटकुळ्या दिसल्या. डास चावला असेल, असं म्हणून मी तिला शाळेत पाठवलं. संध्याकाळी फ्रॉक बदलताना बघते तर पोटावर, पाठीवर पंधरा-वीस पुटकुळ्या, काहींमध्ये पाणी धरलेलं. अंग तापलेलं. सासूबाईंनी एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "कांजिण्या आहेत. आता घरात फोडणी द्यायची नाही, आणि हिला अंघोळ नाही घालायची."

मी वाद घातला नाही. उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला, दहीभात केला. ताप उतरावा म्हणून घरात असलेलं पातळ औषध मात्र दिलं. ते नेहमीचंच होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आधी ती बाटली मागितली. त्यात पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन मिसळलेलं होतं. कांजिण्यांत आयबुप्रोफेन टाळायचं, कारण त्याने त्वचेतला जंतुसंसर्ग बळावण्याची भीती असते. मुलांना ॲस्पिरिन तर अजिबात नाही, त्याने क्वचित यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होते. तापाला फक्त साधं पॅरासिटामॉल द्यायचं. हे मला सात वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "गेल्या दोन-तीन आठवड्यांत घरात कोणाला नागीण झाली होती का?"

झाली होती. सासऱ्यांना, म्हणजे नानांना, पाठीपासून बरगडीपर्यंत एका बाजूने फोडांचा पट्टा उठला होता. नागिणीची दोन्ही तोंडं मिळाली की माणूस दगावतो, या धास्तीने घरात कोणी नीट झोपलं नव्हतं. त्यावर रोज गेरूचा लेप लागत होता, आणि तो लावायचा मान नातीचा होता. तिच्याच बोटांनी.

डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं. कांजिण्या आणि नागीण यांचा विषाणू एकच. लहानपणी कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो अंगातून जात नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो. उतारवयात प्रतिकारशक्ती घटली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून पट्टा, आणि म्हणून तो सहसा शरीराच्या एकाच बाजूला. तोंडं मिळण्याची गोष्ट खोटी. नागिणीच्या फोडातल्या पाण्यातून ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला नागीण होत नाही, कांजिण्या होतात, हे मात्र खरं. लागण झाल्यापासून पुरळ उठायला १० ते २१ दिवस लागतात. मी घरी येऊन तारखा मोजल्या. पहिला लेप लावल्याचा तो पंधरावा दिवस होता.

नानांना हे सांगू नये असं मला वाटत होतं, पण त्यांनी ऐकलंच. दोन दिवस ते नातीच्या खोलीत आले नाहीत, दारातूनच गोष्टी सांगत राहिले. तुम्हाला पुन्हा कांजिण्या होणं फार विरळ, असं डॉक्टरांनीच सांगितलंय, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. मग आले.

खरी झोप उडाली ती पुढच्या माहितीने. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल दुसऱ्याला लागण करतं, आणि त्यासाठी अंगाला हात लागायलाच हवा असं नाही. खोकल्या-शिंकण्यातून हवेतूनही पसरतं. रविवारी माझी नणंद दिवसभर आमच्याकडे होती, पाचव्या महिन्याची गरोदर. सासूबाई म्हणाल्या, "अशा गोष्टीची वाच्यता करू नये, देवीचा कोप होतो." मी त्यांच्यासमोरच फोन लावला. ताईंना लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या की गोवर, हे सासूबाईंनाही आठवेना. ताईंच्या डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं. अहवाल येईपर्यंतचे दोन दिवस मी देवापुढचा दिवा विझू दिला नाही. अंगात कांजिण्यांच्या विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं होती, म्हणजे धोका नव्हता. नसती तर त्यांना लगेच वेगळं इंजेक्शन घ्यावं लागलं असतं, आणि त्याला दिवसांची मर्यादा असते. वाच्यता केली नसती तर ते दिवस गेले असते.

धाकट्याला त्याच दिवशी कांजिण्यांची लस दिली. लागण झाल्यावर तीन ते पाच दिवसांत दिली तरी उपयोग होतो. ही लस सरकारी लसीकरणाच्या यादीत नाही, म्हणून आमच्या केंद्रावर सगळ्या लसी वेळेवर घेऊनही ही राहून गेली होती. दोन आठवड्यांनी त्याला जेमतेम बारा-तेरा फोड आले, ताप नाही. लेकीच्या अंगावर तीनशेच्या वर होते.

अंघोळीचं ऐकलं त्याचा मला आजही पश्चात्ताप आहे. तीन दिवसांत इलास्टिकखालचे फोड खाजवून चिघळले, पू झाला, मलम लागलं. तेव्हापासून रोज कोमट पाणी, न घासता अंगावरून, आणि मऊ सुती कापडाने टिपून घेणं. वर खाज शमवणारं कॅलामाइन लोशन. नखं मुळापर्यंत कापली. कडुलिंब राहिला, त्याने तिला बरं वाटत होतं. तेल-फोडणीचा कांजिण्यांशी संबंध नाही. तोंडात फोड होते म्हणून तिखट मात्र तिनेच नको म्हटलं.

शेवटचा वाद खपल्यांवरून. सगळ्या खपल्या पडेपर्यंत कोणाला जवळ येऊ देऊ नका, असं सासूबाई सांगत होत्या. डॉक्टरांच्या मते सगळ्या फोडांवर खपली धरली, नवीन फोड थांबले, की लागण संपते. लेकीचं ते सातव्या दिवशी झालं. सासूबाईंचं म्हणणं मला नंतर कळलं. त्यांच्या लहानपणी शेजारी देवी आल्या होत्या. 'देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा' हे भिंतीवर रंगवलेलं त्यांनी पाहिलंय. देवीच्या रोग्याला शेवटची खपली पडेपर्यंत वेगळंच ठेवायचे, कारण त्या खपल्यांतही विषाणू असायचा. तो रोग १९८० साली जगातून संपल्याचं जाहीर झालं, पण घरातले नियम मागे राहिले आणि कांजिण्यांना चिकटले. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझी मावशी त्यातच गेली."

आठव्या दिवशी लेक अंगणात खेळायला गेली. धाकट्याचा दुसरा डोस तीन महिन्यांनी आहे.