चर्चचा हिशोब बघायला गेले, त्याची गोष्ट

मागच्या पावसाळ्याआधी आमच्या चर्चच्या मंडळीत छतासाठी फंड जमवायचं ठरलं. भक्ती संपल्यावर घोषणा झाली, पुढच्या रविवारी छापील पाकिटं वाटली, त्यावर 'छत निधी' असं लिहिलेलं आणि खाली नाव आणि रक्कम. माझ्या शेजारी बसणाऱ्या आजींनी, त्या एकट्याच राहतात, पेन्शन वगैरे काही नाही, पाकिटात दहादहाच्या पाच नोटा घडी करून घातल्या आणि मला म्हणाल्या, "मागच्या वेळेला पण दिले होते की गं छताला." मी म्हटलं आजी, ते दुसरं काही असेल. त्या म्हणाल्या नाही, छतच होतं, तेव्हा माझे हे होते अजून.

म्हणजे बारा-तेरा वर्षांपूर्वी. हे डोक्यातून जाईना.

मी एका पतसंस्थेत अकाउंट्सला आहे, त्यामुळे सवयच अशी की जमा दिसली की डोळा खर्चाकडे जातो. वार्षिक सभेत मी उठून सरळ विचारलं की आधीच्या छत निधीचं काय झालं, आणि जमलं तर मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशोब सगळ्यांना वाचून दाखवा. एवढंच. पण हॉलमध्ये जी शांतता पसरली ना, जशी काही मी कोणाला शिवी दिली. चर्च कमिटीतले एक पंच म्हणाले देवाच्या घरात हिशोब मागायचा नसतो. मागून कोणीतरी म्हणालं हिच्या सासऱ्यांना कमिटीत घेतलं नव्हतं त्याचा राग आहे (सासरे जाऊन सात वर्षं झाली). पाळकसाहेब बिचारे मधल्या मध्ये, ते म्हणाले ताई आपण नंतर बोलू. नंतर कोणी बोललं नाही.

मग मी लेखी अर्ज दिला, दोन प्रती, एकीवर पोचची सही घेतली. महिना गेला, काही नाही. तेव्हा माझ्या भाच्याने सल्ला दिला आरटीआय टाक. मी पण उत्साहात 'जोडपत्र अ' भरलं, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला आणि थेट चर्चच्या सेक्रेटरींच्या नावाने पाठवून दिलं. पहिली चूक! चर्चचा ट्रस्ट म्हणजे काही सरकारी कार्यालय नाही, त्यांना माहिती अधिकार लागू होत नाही, आणि त्यांनी अर्ज तसाच परत केला, वर मंडळीत सांगत सुटले की हिने चर्चवर केस टाकली. दहा रुपयांत माझी एवढी बदनामी आधी कोणी केली नव्हती.

खरा रस्ता दुसरा आहे आणि तो जुना आहे. महाराष्ट्रात चर्च असो, देऊळ असो, शाळा चालवणारी संस्था असो, सार्वजनिक ट्रस्ट म्हटला की तो १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेला असतो. पूर्वी बॉम्बे पब्लिक ट्रस्ट्स ॲक्ट म्हणायचे, आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. ३१ मार्चला वर्ष संपलं की हिशोब बंद करायचा, ऑडिट करायचं आणि ऑडिटरचा रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात जातो. म्हणजे जो हिशोब मला सभेत मिळत नव्हता तो एका सरकारी कपाटात पडलेला असणार होता, फक्त बघायला कोणी गेलं नव्हतं.

पण जायचं म्हणजे ट्रस्टचा नंबर लागतो. इथे दुसरी गंमत. मला वाटायचं चर्च आणि जमीन सगळं एकच. मी मिळकत पत्रिका काढली तर जमिनीच्या मालकाच्या जागी आमच्या मंडळीचं नावच नाही, तिथे मिशनच्या काळापासूनच्या एका मोठ्या ट्रस्ट असोसिएशनचं नाव, आणि ती नोंदवलेली दुसऱ्याच शहरात. मंडळीचा स्वतःचा छोटा ट्रस्ट वेगळा, दान, भाडं, हंगामाच्या सणाचा लिलाव हे सगळं त्यात जमा होतं. दोन खाती, दोन फायली, दोन ऑफिसं. मी जमिनीचा नाद सोडला, आधी आपल्या थैलीतला पैसा बघू म्हटलं. वेबसाइटवर नाव टाकून तीन-चार स्पेलिंग बदलून शेवटी नंबर सापडला, 'डी' ने सुरू होणारा. हिंदू ट्रस्टना ए, मुस्लिमांना बी, पारशांना सी, आणि आपण 'इतर' मध्ये, डी.

ऑफिसात पहिल्या दिवशी क्लार्क म्हणाले, "मॅडम, तुम्ही ट्रस्टी का?" नाही म्हटलं, सभासद. "मग कशाला पाहिजे?" इथे मी तयारीत होते. मंडळीचं सभासद कार्ड, माझा बाप्तिस्म्याचा दाखला आणि अर्जात एक ओळ, की मी या ट्रस्टची लाभार्थी म्हणजे हितसंबंध असलेली व्यक्ती आहे. कायद्यात तसा शब्दच आहे. क्लार्कने दाखला उलटसुलट बघितला, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितला असावा, मग म्हणाले नक्कल अर्ज करा, स्टॅम्प लावा, फाईल रेकॉर्डमधून काढावी लागेल, पंधरा दिवसांनी या. पंधरा दिवसांनी गेले तर फाईल सापडत नव्हती. परत आठ दिवसांनी गेले तर रेकॉर्डवाले रजेवर. चौथ्या खेपेला मिळाली. कोणाला शिव्या घालायच्या नाहीयेत, त्या खोलीत गठ्ठे बघितले तर माणसाला दयाच येते.

फाईल सुतळीने बांधलेली. उघडली तर आत सगळी वर्षं नव्हतीच, मध्ये चार वर्षांचे रिपोर्ट गायब, म्हणजे दाखलच केलेले नाहीत. पण जे होते ते मी तिथल्या बाकावर बसून दीड तास वाचले, आणि तुम्ही कधी बघितलं नसेल तर सांगते, हा फॉर्म फार छान बनवलाय कोणीतरी. उत्पन्नाच्या बाजूला भाडं एकाच आकड्यात नाही, 'येणं झालेलं' वेगळं आणि 'हातात आलेलं' वेगळं. खर्चाच्या बाजूला ट्रस्टच्या उद्देशांवर किती खर्च केला याच्या वेगळ्या ओळी आहेत, धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना मदत. आमच्या 'गरिबांना मदत' या ओळीत प्रत्येक वर्षी एक आडवी रेघ. आणि ऑडिटरला नियम १९ खाली प्रश्नच ठरवून दिलेत, हातातली रोकड आणि व्हाउचर जुळली का, कोणी ट्रस्टी ट्रस्टचं देणं लागतो का, पाच हजारांच्या वरच्या दुरुस्तीला टेंडर मागवलं का, मिळकत परवानगीशिवाय विकली का. आमच्या ऑडिटरने सगळ्या प्रश्नांपुढे एकाच हाताने, एकाच दमात 'होय, होय, नाही, होय' लिहून टाकलं होतं, एका वर्षी तर टेंडरपुढे 'होय' आणि त्या वर्षी दुरुस्तीचा खर्च शून्य.

आणि मग ताळेबंद. डाव्या बाजूला 'इमारत निधी', उजव्या बाजूला तेवढीच एफडी. ४ लाख १२ हजार. वर्षानुवर्षं तोच आकडा, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही. आजींचं बरोबर होतं, छताचे पैसे जमले होते, आणि खाल्ले कोणीच नव्हते!

खरं सांगते, मला क्षणभर वाईट वाटलं. मनात मी चोर शोधायला निघाले होते आणि चोर सापडला नाही म्हणून वाईट वाटलं, असला माझा स्वभाव.

मग पैसे आहेत तर परत पाकिटं कशाला वाटली? ते खजिनदार काकांच्या घरी कळलं. मी ताळेबंदाची नक्कल घेऊन गेले, भांडायच्या तयारीने. काकांनी कागद बघितला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पोरी, एफडी मोडता येत नाही." का? कारण बँकेत सह्या जुन्या ट्रस्टींच्या, त्यातले एक वारले, एक पोराकडे परदेशात. नवीन कमिटी निवडून आली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे ट्रस्टी बदलल्याची माहिती, धर्मादायला द्यावा लागतो, कलम २२, तो दोन निवडणुकांपासून कोणी दिलाच नव्हता. बँक म्हणते धर्मादायचा पीटीआर उतारा (ट्रस्टच्या सरकारी नोंदवहीची नक्कल) आणा, उताऱ्यावर नावं जुनीच. म्हणजे कागदोपत्री आमची आत्ताची सगळी कमिटी अस्तित्वातच नाही. हे सभेत सांगायची लाज वाटली म्हणून त्यांनी परत दान मागितलं. सांगा आता.

मी म्हटलं काका, हे त्या दिवशीच सांगितलं असतं तर? त्यावर ते जे बोलले ते मी नीट ऐकून घेतलं कारण त्यात तथ्य होतं. ते म्हणाले आपल्या कंपाउंडच्या जागेवर किती जणांचा डोळा आहे तुला माहितीये, एवढी एफडी आहे, एवढी दुकानं आहेत, असं जाहीर केलं की उद्या कोणीतरी दावा टाकेल, कोर्टात आपल्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत. गोरे मिशनरी होते तोवर वह्या त्यांच्याकडे, आपल्याला कोणी शिकवलंच नाही की दाखवायच्या कशा, लपवायच्या मात्र शिकलो.

पण लपवून जागा वाचते हे मला पटलं नाही आणि मी तसं म्हटलं. चर्चची जागा विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, इमारत किंवा बिनशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायची तरी लागते. असा व्यवहार परस्पर झाला तर बोंब मारणार कोण? ज्यांना कागद माहीत आहेत तेच. चार लोकांनाच माहीत असेल तर त्या चौघांना गाठलं की काम झालं. मी त्यांना अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चचं उदाहरण दिलं, त्यांची गुंतवणूक २०१८ पर्यंत ३२ अब्ज डॉलरच्या आसपास होती, आणि लोकांना आकडा कळला तर बोभाटा होईल म्हणून ती तेरा वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाआड ठेवली. २०२३ मध्ये तिथल्या शेअर बाजाराच्या नियामकाने चर्च आणि त्याची गुंतवणूक बघणारी संस्था मिळून ५० लाख डॉलर दंड केला. पैसे असण्याबद्दल नाही, माहिती दडवण्याबद्दल. काका म्हणाले आपले चार लाख आणि त्यांचे अब्ज, कुठं लावतेस. पण भीती तीच आहे ना काका, म्हटलं. ते हसले. तिथून जरा सैल झाले.

ऑफिसात माझी एक कॅथलिक मैत्रीण आहे, ती म्हणाली आमच्याकडे तर कॅनन लॉमध्येच, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्यात आहे, १२८७, लोकांनी दिलेल्या दानाचा हिशोब लोकांना द्यायचा. मी विचारलं देतात का? ती म्हणाली कलम आहे म्हटलं, देतात असं कुठं म्हटलं.

आमच्यात मात्र मी बायबलचाच आधार घेतला, कायद्याची कलमं चर्चमध्ये काढली की लोक बिथरतात. २ करिंथ ८ मध्ये पौल यरुशलेमसाठी दान घेऊन निघतो तर एकटा नाही जात, मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो, कोणी दोष लावू नये म्हणून, आणि म्हणतो प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते आम्ही करतो. पौलाला हिशोबाला साक्षीदार लागला, आपण कोण? आणि बारा शिष्यांत पैशाची थैली कोणाकडे होती (येशूला धरून देणाऱ्या यहूदाकडे) तेही सगळ्यांना पाठ आहे, ते मी मुद्दाम बोलले नाही, काकांकडे बघून तर नाहीच.

पुढचं काम कंटाळवाणं. चेंज रिपोर्ट दोन द्यावे लागले, आधी जुन्या निवडणुकीचा मग नव्या, सोबत उशीर माफीचा अर्ज, सभेच्या नोटिसा, ठरावांच्या प्रती, वारलेल्या ट्रस्टींचा मृत्यूचा दाखला, परदेशातल्यांचं संमतीपत्र जे कुरियरने यायला सहा आठवडे लागले. नोटिसांची फाईल सापडेना, ती शेवटी संडे स्कूलच्या कपाटात नाताळच्या गोठ्याच्या पुठ्ठ्यांखाली निघाली. तारखांना काका आणि मी दोघं एसटीने जायचो. तिसऱ्या तारखेपासून ते माझ्यासाठी खिडकीची जागा धरायला लागले. राहिलेल्या चार वर्षांचं ऑडिटही करून घेतलं, ऑडिटर बदलून.

मंजुरी आली, उतारा आला, बँकेत सह्या बदलल्या. छतासाठी तीन कोटेशन मागवली आणि ती भक्तीनंतर सगळ्यांसमोर उघडली. ज्या पंचांनी देवाच्या घरात हिशोब मागायचा नसतो म्हटलं होतं ते अजून माझ्याशी बोलत नाहीत, चालायचंच.

गेल्या महिन्यात पहिल्यांदा दाराजवळच्या बोर्डावर तिमाही जमाखर्च लागला. काकांनी हाताने लिहिलेला, लाल पेनाने बेरजा. आजींना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून मी एकेक ओळ वाचून दाखवली, दान, भाडं, एफडी ४ लाख १२ हजार. त्या काठीवर रेलून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "अगं पण इतकी वर्षं बँकेत होते ना? मग तेवढेच कसे? व्याज कुठं गेलं?"

ते मला माहीत होतं. दरवर्षी काढून लाईट बिलात आणि नाताळच्या मांडवात घातलं होतं, उत्पन्नाच्या बाजूला 'व्याज' म्हणून रीतसर दाखवलेलं, पण छताच्या नावाने जमवलेल्या पैशाचं. मी काही न बोलता काकांकडे बघितलं. काका बोर्डाजवळ आले आणि त्यांनी खिशातून चष्मा काढला.