तुम्ही विचारलंत म्हणून: ती गोळी कुठं मिळते?

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळींत एक निवृत्त काका आहेत. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि माझा पीएच.डी.चा विषय डीएनए उलगडणारी एन्झाइमं हा होता, एवढं त्यांनी लक्षात ठेवलंय. महिन्यातून एकदा तरी विचारतात, "काय मॅडम, ते तुमचं एन्झाइम वाढवायची गोळी कुठं मिळती काय?"

चूक माझीच. एका व्याख्यानात मी वर्नर सिंड्रोमबद्दल बोलले होते. 1904 साली ओट्टो वर्नर या जर्मन डॉक्टरनं चार भावंडांमध्ये पाहिलेला हा आजार. वयात येताना उंची वाढायची राहते, विशीत केस पिकतात, तिशीत मोतीबिंदू, मग मधुमेह, ठिसूळ हाडं, आणि पन्नाशीच्या आसपास कॅन्सर किंवा हृदयविकार. 1996 मध्ये त्यामागचं जनुक सापडलं, ते निघालं एका हेलिकेजचं. हेलिकेज म्हणजे डीएनएचे दोन पेड एकमेकांपासून सोडवणारं एन्झाइम. ते नसलं की माणूस लवकर म्हातारा होतो, मग जास्त असलं की तरुण राहील, असं लोकांनी परस्पर गणित मांडलं. आता नणंदसुद्धा विचारते.

वर्गात हे शिकवताना मी लक्ष्मीपुरीतून आणलेला दुपेडी दोर नेते. एक पोरगा लांबचं टोक घट्ट धरतो, दुसरी पोरगी अलीकडून दोन पेड ओढून वेगळे करत जाते. हातभर उलगडेपर्यंत सोपं. मग पुढचा दोर कडक होतो, स्वतःभोवती वेटोळी घालतो, आणि पोरगी म्हणते, "मॅडम, पुढं सरकंना." पेड सुटले, पण त्यांच्यातला पीळ गेला नाही, तो पुढं ढकलला गेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभ जळलेलाही नाही. पुस्तकांत डीएनए उघडण्याला चेनची उपमा देतात, ती मला कधीच पटली नाही. चेनला पीळ नसतो, आणि खरी गोम तर पिळातच आहे.

आकडे ऐका. ई. कोलाय या जीवाणूत, जिथं 1976 साली हायडेलबर्गमध्ये पहिलं हेलिकेज सापडलं, डीएनएची नक्कल सेकंदाला साधारण 1,000 अक्षरांनी पुढं सरकते. दर साडेदहा अक्षरांना एक वेढा. म्हणजे सेकंदाला शंभराच्या जवळपास फेरे, मिनिटाला 6,000 च्या घरात. शिरोलीच्या एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्या एका पालकांना हे सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न: "आणि तापत नाही?" आमच्या क्षेत्रातही इतका नेमका प्रश्न क्वचित येतो. हे काम करणारं हेलिकेज म्हणजे सहा भागांची अंगठी. डीएनएचा एक पेड तिच्यातून ओवलेला असतो, आणि एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळत ती त्याच्यावरून धावते. तिच्या पुढं साचणारा पीळ काढायला दुसरी एन्झाइमं लागतात, टोपोआयसोमरेज. ती पेड कापतात, पीळ सुटू देतात आणि पुन्हा जोडतात. कापणं आणि जोडणं या दोन्हींमधला तो क्षण लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर काकांची गोळी. वर्नरचं हेलिकेज हे 1,432 अमिनो आम्लांचं प्रथिन आहे. गिळलंत तर पोट त्याचं डाळीच्या प्रथिनासारखंच पचन करेल. पेशीच्या केंद्रकात पोचायचा प्रश्नच येत नाही. शिवाय जास्त उलगडणं म्हणजे चांगलं, हेही खरं नाही. सुटा पेड उघडा पडतो, तुटायला सोपा होतो. म्हणून आपल्या पेशी विभाजनाच्या कितीतरी आधी अंगठ्यांच्या जोड्या डीएनएवर चढवतात, पण जागच्या जागी रोखून धरतात. शर्यतीत जुंपलेली, अजून न सोडलेली बैलं जशी. फरक इतकाच की सोडल्यावर ही जोडी विरुद्ध दिशांना पळते.

व्याख्यानानंतर एक बाई हळूच विचारतात तो प्रश्न मला गोळीपेक्षा महत्त्वाचा वाटतो: नात्यात लग्न झालं तर? वर्नर, तसंच हेलिकेज बिघडल्यानं होणारा ब्लूम, उन्हानं कातडी जळवणारा झेरोडर्मा, या सगळ्यांत आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत यावी लागते. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडं मानाचं. त्या जोडप्याच्या मुलात कुठल्याही एका जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता सोळात एक. आजार दुर्मीळच राहतो, पण शक्यता वाढते. माझे आईवडील आते-मामे भावंडं. मी ठणठणीत आहे, हा पुरावा नव्हे.

गोळ्या मात्र आहेत. फक्त त्या एन्झाइम वाढवत नाहीत, अडवतात. नागीण उठते ना, तिच्या विषाणूचं हेलिकेज अडवणारं अमेनामेविर हे औषध जपानमध्ये 2017 साली मंजूर झालं. गंमत म्हणजे वर्नरचं हेलिकेजही आता अडवायचं आहे. आतड्याचे साधारण 15 टक्के कॅन्सर असे असतात की डीएनएतल्या चुका दुरुस्त करायची त्यांची यंत्रणाच मोडलेली असते, आणि त्यातल्या बहुतेकांचं या एका हेलिकेजवाचून चालत नाही, हे 2019 मध्ये कळलं. ते बंद पाडणाऱ्या औषधांच्या चाचण्या माणसांवर चालू आहेत. काकांनी हे ऐकून मान हलवली, पण समाधान झालं नाही.

आता तो मधला क्षण. टोपोआयसोमरेजनं पेड कापलाय, अजून जोडलेला नाही, नेमकी तेव्हा कॅम्प्टोथेसिन नावाचं रसायन तिथं पाचर मारून बसतं. मागून डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा येते, त्या कापलेल्या जागेवर आदळते, डीएनए पुरता तुटतो आणि विभाजनाच्या घाईत असलेली पेशी मरते. हे रसायन एका चिनी झाडातून 1966 साली अमेरिकेत वेगळं केलं मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. त्याच्यापासून बनलेली इरिनोटेकन आणि टोपोटेकन ही औषधं अमेरिकेत 1996 पासून आतड्याच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरवर वापरतात. 1972 मध्ये तेच रसायन सह्याद्रीतल्या एका झाडात सापडलं. झाडाचं नाव नरक्या, फुलांच्या दुर्गंधीमुळं पडलेलं.

"म्हणजे काढा करून..." काका म्हणाले. अजिबात नाही. ते विष आहे. वाढणारी निरोगी पेशीही त्यात मरते, आतड्याची आणि रक्ताची आधी.

आमच्याबरोबर चंदगडकडच्या एक मावशी चालत होत्या. इतका वेळ गप्प. म्हणाल्या, "नरक्या व्हय? आमच्या रानात मायंदाळ हुती. टेंपो यायचा, वजनावर लाकडं घिऊन जायचा. जळणाला बी कुणी घेत न्हाई ती, मग न्हेत्यात कशाला, आमी इचारायचो. कुणी सांगितलं न्हाई."

"आता आहेत का झाडं?" मी विचारलं.

"बघाय पायजे," त्या म्हणाल्या.